‘हं’ पोचायला लागणारा वेळ

रेकॉर्डिंगमध्ये अकरा प्रश्न होते, अकरा उत्तरं होती आणि प्रत्येक प्रश्नाच्या व त्याच्या उत्तराच्या मधे एक, अशा अकरा शांतता होत्या. सगळ्यात छोटी ४.१ सेकंदांची, सगळ्यात मोठी ६.२ची. सरासरी बरोबर पाच. नऊ उत्तरं अचूक, एक अर्धवट, एक चूक. उत्तर देणाऱ्याने डावीकडे सतरा वेळा पाहिलं, उजवीकडे एकदाही नाही.

हे मी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं.

ते रेकॉर्डिंग आमच्या पदार्थविज्ञानाच्या ऑनलाइन व्हायवाचं, म्हणजे तोंडी परीक्षेचं होतं आणि उत्तरं देणारा माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार होता. पहिल्या वर्षी, वर्ग अजून खऱ्या वर्गात भरत होते तेव्हा, आम्ही प्रयोगशाळेत एकाच टेबलावर होतो. तो हाताने काम करायचा, मी आकडे लिहायचे. मग सगळं शिकणं पडद्यावर गेलं आणि काही महिन्यांतच त्याला नवीन नाव मिळालं: उद्या. सरांनी आज प्रश्न विचारला की याचं उत्तर उद्या येतं, म्हणून. नाव मीच ठेवलं होतं. मला घरी सगळे फूटपट्टी म्हणतात, त्यामुळे दुसऱ्याला नाव ठेवायचा हक्क आपल्याला आहे असं मला वाटायचं.

मंगळवारी सकाळी त्याला विभागाचं पत्र आलं आणि जोडीदार म्हणून त्याची प्रत मलाही आली. ‘उत्तरांपूर्वीचा असाधारण विलंब आणि वारंवार एका बाजूला पाहणे यांवरून परीक्षार्थी अन्य व्यक्तीची मदत घेत असल्याचा संशय येतो. ही बाब वर्गमित्रांच्याही लक्षात आली आहे.’ खाली पुरावा म्हणून आम्हा दोघांच्या व्हायवाचं रेकॉर्डिंग आणि वर्गाच्या ग्रुपमधला एक स्क्रीनशॉट जोडला होता. स्क्रीनशॉटमध्ये एकच वाक्य होतं: ‘उद्याचं उत्तर वाटेत दोन ठिकाणी चौकशी करून येतं.’ त्यावर एकोणीस जण हसले होते. वाक्य माझं होतं.

मी त्याला फोन केला.

“पत्र वाचलंस?” तो म्हणाला.

“वाचलं. खाली माझं वाक्य चिकटवलंय.”

“हं. चांगलं वाक्य आहे.”

“टोमणे मारू नकोस.”

“टोमणा नाही गं. मी पण हसलो होतो तेव्हा. त्या एकोणीसमध्ये मी आहे, बघ.”

मी बघितलं. होता.

चौकशी शनिवारी अकरा वाजता होती. आरोप खरा ठरला तर त्याचं पूर्ण वर्षाचं निकालपत्र रद्द होणार होतं. पुढच्या अभ्यासक्रमाला त्याला प्रवेश मिळाला होता, पण निकालपत्र सोमवारपर्यंत दिलं नाही तर ती जागा दुसऱ्याला जाणार होती.

“तू सांगितलं नाहीस का त्यांना?”

“सांगितलं. म्हटलं, सर, नेट स्लो आहे.”

“मग?”

“म्हणाले, सगळ्यांचंच असतं.”

यात सरांची चूक नव्हती. आमच्या वर्गात ‘नेट स्लो आहे’ हे वाक्य म्हणजे शाळेतलं ‘पोटात दुखतंय’. ज्याचं खरंच दुखतं त्याचं कोणी ऐकत नाही.

मी त्या क्षणी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी विचारलं, “तुझ्याकडे टाळी वाजवायला दोन्ही हात मोकळे आहेत का?”

विचार साधा होता. सरांचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोचायला काही वेळ लागतो, त्याचं उत्तर परत यायला काही वेळ लागतो. सरांना जी शांतता ऐकू येते, तिच्यात हे दोन्ही वेळ आणि याचा विचार करायचा वेळ, असे तिन्ही मिसळलेले असतात. जाण्यायेण्याचा वेळ वेगळा काढला की उरेल तो त्याचा. म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. मी टाळी वाजवायची, ती ऐकू आली की त्याने वाजवायची, आणि मधलं अंतर मी कॉम्प्युटरवर आवाजाच्या रेघेवरून मोजायचं. असं चाळीस वेळा.

पंचविसाव्या टाळीला माझी ताई दारात आली. ती आतल्या खोलीत बसून कंपनीचे फोन घेते.

“कोण जिंकलं?” तिने विचारलं.

“कोणी नाही. मोजतेय.”

“फूटपट्टे, माझं गिऱ्हाईक विचारतंय, तुमच्याकडे सत्कार आहे का म्हणून. जरा हळू मोज.”

चाळीस टाळ्यांची सरासरी आली ३.५ सेकंद. मग ताईला समोर बसवून तेच केलं. तिने पंधरा टाळ्या दिल्या आणि सोळाव्याला माझ्या डोक्यात टपली मारली, ती मी मोजली नाही. समोरासमोर बसलेल्या माणसाला टाळी ऐकून टाळी द्यायला ०.३ सेकंद लागतात. म्हणजे जाण्यायेण्यात ३.२ सेकंद जात होते. पाचातून ते वजा केले की उरतात १.८. व्हायवात मला स्वतःला सरासरी १.९ लागले होते.

मी फार खूश झाले. एक पानभर लिहून, आकृती काढून सरांना पाठवलं आणि दुपारी त्यांचा फोन आला.

आमचे सर शांत माणूस. त्यांना ‘म्हणजेच काय’ म्हणायची सवय आहे. एका लेक्चरमध्ये ते अठ्ठेचाळीस वेळा म्हणतात, कमीत कमी.

“वाचलं,” ते म्हणाले. “काम नीट केलंयस. पण टाळी वाजवायला विचार लागत नाही. म्हणजेच काय, तू नेटवर्क मोजलंस, विद्यार्थी मोजला नाहीस.”

“हो, सर.”

“दुसरं, हे तू आज मोजलंस. त्या दिवशी किती होतं?”

“ते नाही सांगता येणार, सर.”

“आणि तिसरी गोष्ट ऐक. मला उशीर खटकलाच नाही. उशीर मी रोज बघतो. माणसाला प्रश्न विचारला की तो काहीतरी करतो. हं म्हणतो, हो सर म्हणतो, घसा साफ करतो. हा काहीच करत नव्हता. अकराच्या अकरा वेळा काहीच नाही, आणि मग एकदम तयार उत्तर. म्हणजेच काय, तो ऐकत होता, पण माझं नाही. दुसऱ्या कोणाचं तरी.”

मी तिन्ही मुद्दे वहीत लिहून घेतले. पहिले दोन बरोबर होते. तिसऱ्यासाठी मी पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. माझ्या दहा प्रश्नांनंतर मी नऊ वेळा ‘हं’ किंवा ‘हो सर’ म्हटलं होतं. त्याच्या अकरा प्रश्नांनंतर एकदाही नाही. मला हे विचित्र वाटलं, कारण प्रयोगशाळेत हा मुलगा प्रत्येक वाक्याला हं म्हणायचा. इतका, की मी एकदा त्याला म्हटलं होतं, तू माणूस आहेस की रेडिओची खरखर. आणि आज सकाळी फोनवर तरी? फोनवर तो म्हणाला होता. ‘हं. चांगलं वाक्य आहे.’

मग व्हिडिओवर का म्हणत नाही?

बुधवारी मी त्याच्याकडे गेले. दोन वर्षं एका टेबलावर आणि एका पडद्यावर काढूनही त्याचं घर मी पाहिलं नव्हतं. घर म्हणजे वर दोन खोल्या, आणि खाली लाँड्री. पुढे काउंटर, काउंटरमागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कपडे टांगलेल्या तीन ओळी, त्यांच्यामागे दोन धुण्याची यंत्रं आणि कपडे सुकवायचा एक मोठा ड्रायर, अगदी शेवटी इस्त्रीला वाफ पुरवणारा छोटा बॉयलर. बॉयलर आणि ड्रायरच्या मधे एक लाकडी स्टूल आणि पत्र्याची पेटी. पेटीवर लॅपटॉप. हाच त्याचा वर्ग.

स्टुलावर बसून मी डावीकडे पाहिलं. हाताच्या अंतरावर बॉयलरचा प्रेशरचा काटा होता.

“चारच्या पुढे गेला की गॅस बारीक करायचा,” तो म्हणाला. “आई पुढे गिऱ्हाईक बघते, बाबा कपडे पोचवायला जातात. काटा माझ्याकडे.”

“लेक्चर चालू असताना?”

“काट्याला काय कळतंय लेक्चर चालू आहे म्हणून?”

“पुढे काउंटरवर बस ना. तिथे नेट कसंय?”

“तिथे मस्त आहे. पण तिथून काटा दिसत नाही.”

मी दोन्हीकडे टाळ्या मोजल्या. घरून ताई उत्तर देत होती, कुरकुरत. काउंटरवर जाण्यायेण्याचे ०.८ सेकंद. स्टुलावर ३.१. मधे तीन ओळी कपडे, दोन भिंती आणि लोखंडाची तीन मोठी धुडं. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही.

“हे सगळं सरांना सांगितलं का नाहीस? काटा वगैरे?”

तो ड्रायरचं दार पुसायला लागला. ते स्वच्छच होतं.

“ते म्हणतील, हा लेक्चरला बसून बॉयलर सांभाळत होता. याचं लक्ष नव्हतंच.”

“होतं का?”

“अर्धं.”

“अर्ध्या लक्षात नऊ बरोबर?”

“दहावं अर्धवट आलं ना. तेव्हाच काटा चढला.”

तेवढ्यात तीनचं लेक्चर सुरू झालं. मी कपड्यांच्या ओळींपलीकडे जाऊन माझ्या फोनवरून तेच लेक्चर लावलं, एका कानात इयरफोन घालून. दुसरा कान उघडा ठेवला. सर हजेरी घेत होते. उघड्या कानात मला याचा आवाज स्पष्ट आला, “हं, सर.” इयरफोनमध्ये दीडेक सेकंदाने फक्त “सर” आलं. सरांनी काहीतरी समजावलं. उघड्या कानात: हं. इयरफोनमध्ये काही नाही. पुन्हा: हं, हं. पुन्हा काही नाही. ड्रायर घुमत होता. हं, हं, हं, असाच.

मी पळत मागे गेले.

“पुन्हा म्हण.”

“काय?”

“हं म्हण!”

“हं.”

“ड्रायर बंद कर. आता म्हण.”

“हं. काय झालंय तुला?”

इयरफोनमध्ये ‘हं’ आलं. त्याच्या पाठोपाठ ‘काय झालंय तुला’सुद्धा आलं, आणि ते पूर्ण वर्गाने ऐकलं, कारण तो म्यूट करायला विसरला होता. सर म्हणाले, “मला काही झालेलं नाही. पुढे जाऊ.”

लेक्चर संपल्यावर आम्ही नीट मोजलं. ड्रायर बंद असताना वीस वेळा हं म्हटलं, वीसही वेळा पलीकडे पोचलं. ड्रायर चालू असताना विसांतलं एक पोचलं. ‘हो’ विसांतल्या अठरा वेळा पोचलं. कॉलचं सॉफ्टवेअर मागची घरघर गाळून टाकतं, आणि याचं हं, नाकातून येणारं, ओठ न उघडता म्हटलेलं, त्याला घरघरीसारखंच वाटत होतं. ते आवाज गाळत होतं, आणि त्याचा काही दोष नव्हता. हं हा शब्द कसा असतो हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

त्याची आई चादरींची चळत घेऊन मागे आली आणि आम्हा दोघांना हं हं करताना बघून थांबली.

“काय चाललंय? सर्दी झालीय का दोघांना?”

त्याने मग तिला सगळंच सांगितलं. पत्र, शनिवार, सोमवार. ती चळत हातात घेऊनच ऐकत होती. शेवटी म्हणाली, “दीड वर्ष हा इथे बसून हं हं करतोय. मला वाटायचं, पोरगं सरांशी बोलतंय. आणि तिकडे एकही पोचलं नाही?”

“नाही, काकू.”

“सगळी मशीनच्या पोटात गेली म्हणायची.” तिने चादरी ठेवल्या. मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “आणि पत्र मंगळवारी आलं ना? आज वार कोणता?”

“बुधवार.”

“तुझ्या मैत्रिणीला मंगळवारी कळतं आणि आईला बुधवारी. उद्याच आहेस तू.”

हे नाव तिलाही माहीत होतं तर. दीड वर्ष तीही सगळी लेक्चरं ऐकत होती.

मी तिच्यासमोरच त्याला सांगितलं की नाव मी ठेवलंय, वाक्यही मीच लिहिलंय, आणि मी ते लिहायला नको होतं. तो म्हणाला, “हं.” ड्रायर चालू होता, पण मी समोरच उभी होते.

सरांना मी पुन्हा लिहिलं. या वेळी निष्कर्ष नाही पाठवला, प्रयोग कसा करता येईल ते पाठवलं. शनिवारी चौकशीत सरांनी त्याला नवे दहा प्रश्न विचारावेत. तो त्याच स्टुलावर, त्याच नेटवर, ड्रायर चालू ठेवून बसेल. सरांच्या बाजूला रेकॉर्डिंग होईलच. लाँड्रीत माझा फोन पेटीवर ठेवून खोलीतला आवाज वेगळा रेकॉर्ड करू. त्या दिवशी किती उशीर होता ते आता कोणालाच मोजता येणार नाही, पण याला उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते मोजता येईल.

सरांचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘मान्य. माझ्या बाजूचं मी मोजेन, तुझ्या बाजूचं तू. आधी एकमेकांना आकडे सांगायचे नाहीत.’

शनिवारी अकराला पडद्यावर सर होते आणि विभागप्रमुख मॅडम. मॅडमनी पहिली अट घातली. “ती जोडीदार कुठे आहे? मला दिसत राहा. तोंड बंद आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत.”

मी त्याच्या मागे, कपड्यांच्या ओळीपाशी उलट्या टोपलीवर बसले आणि हात गुडघ्यांवर पंजे उघडून ठेवले. पडद्यावर मला मी दिसत होते. चोरी करताना पकडल्यासारखी.

“काट्याकडे मी बघते,” त्याची आई म्हणाली. “तू फक्त सरांकडे बघ.”

पहिल्या प्रश्नालाच त्याने डावीकडे पाहिलं.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “डावीकडे कोण आहे?”

मला वाटलं, आता हा पुन्हा ‘नेट स्लो’ म्हणणार. पण त्याने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि डावीकडे वळवला. पडद्यावर बॉयलर आला, काटा आला, तीनवर स्थिर, आणि काट्याशेजारी त्याची आई, एका हातात ओली चादर.

“नमस्कार,” ती म्हणाली. “तुम्हीच का हो ते, ‘म्हणजेच काय’?”

सर हसले. असं मोठ्याने हसताना मी त्यांना दीड वर्षात पाहिलं नव्हतं. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

“मीच तो,” सर म्हणाले. “तुम्ही ऐकता?”

“ऐकावंच लागतं. काल ते अर्धायुष्याचं सांगितलंत, ते कळलं. त्याच्या आधीचं नाही कळलं.”

“त्याच्या आधीचं वर्गातही कोणाला कळलं नाही,” सर म्हणाले. मग त्याला म्हणाले, “हे तू पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतंस.”

“तुम्हाला वाटलं असतं, सर, की माझं लक्ष नसतं.”

“मला दुसरंच वाटलं. ते याहून वाईट होतं.”

मॅडम म्हणाल्या की हे सगळं ठीक आहे, पण बॉयलर आहे म्हणजे मदत नव्हती असं सिद्ध होत नाही. निर्णय मोजमाप पाहूनच होईल. लॅपटॉप पुन्हा पेटीवर ठेवला गेला आणि प्रश्न सुरू झाले. ते नवीन होते, पुस्तकात सापडणार नाहीत असे. ओल्या कपड्यातलं पाणी ड्रायरमध्ये आधी भराभर आणि मग हळूहळू का कमी होतं, हा त्यांतला एक. तो ड्रायरकडे न बघता बोलत राहिला. सरांनी मधेच दोनदा ‘बरोबर’ म्हटलं आणि ते त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत तो पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा. दहांतली नऊ उत्तरं बरोबर आली. डावीकडे त्याने एकूण बारा वेळा पाहिलं, काटा आईकडे असूनही. त्या दहा मिनिटांत माझे हात गुडघ्यांवर बधिर झाले.

“आकडे चार वाजेपर्यंत,” मॅडम म्हणाल्या. “दोघांचे.”

मी तिथेच, काउंटरवर, पावतीपुस्तकाशेजारी लॅपटॉप ठेवून मोजायला बसले. तो इस्त्री करत होता. दर दहा मिनिटांनी विचारायचा, “झालं?” आणि मी म्हणायचे, “पुन्हा मोजतेय.” त्याची आई एका गिऱ्हाइकाला शर्ट देताना म्हणाली, “मुलीला बोलू नका, ती सेकंद मोजतेय.” गिऱ्हाईक कुजबुजत पैसे देऊन गेलं.

पावणेचारला मी तक्ता पाठवला. त्याच मिनिटाला सरांचा तक्ता आम्हा सगळ्यांना आला.

सरांच्या बाजूला, प्रश्न संपल्यापासून पहिला आवाज ऐकू येईपर्यंत, दहा प्रश्नांची सरासरी: ४.७ सेकंद.

लाँड्रीत, प्रश्न संपल्यापासून उत्तराच्या पहिल्या शब्दापर्यंत: १.५ सेकंद. उरलेले ३.२ जाण्यायेण्याचे.

लाँड्रीत, प्रश्न संपल्यापासून ‘हं’पर्यंत: ०.४ सेकंद.